यमुनाताईंची तीन लुगडी

यमुनाताईंची आणि माझी पहिली भेट लोणावळ्याच्या बाजारात झाली, आणि ती मला मुळीच आवडली नव्हती. मी तेव्हा मराठी चौथीत होते. आमचे गाव टाकवे बुद्रुक. सुगी उरकली की माझे वडील, म्हणजे आबा, आंबेमोहोराची दोन पोती घेऊन लोणावळ्याला जात. तिथल्या बंगल्यांत आमच्या तांदळाला मागणी असे. त्या वर्षी हट्ट करून मीही त्यांच्याबरोबर गेले होते. अंगावर गुलाबी कोरा परकर होता, आठवड्याच्या बाजारात तयार मिळालेला. दुकानाच्या पायरीवर मी मोठ्या ऐटीत बसले होते. तेवढ्यात एक उंच, काटक बाई आल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, खाली वाकून परकराचा घेर उचलला आणि चारचौघांसमोर त्याची शिवण उलटी करून बघू लागल्या.

"कुणी शिवलाय हा?"

"तयार घेतलाय मावशी, बाजारातनं," आबा म्हणाले. "का वो?"

"शिवण बघा ही. ओढली की उसवेल. आणि आत बोटभरसुद्धा माया सोडलेली नाही. पोर वाढणार, परकर कुठून वाढणार? दोन महिने पुरला तर खूप."

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपीकामात माया म्हणतात, हे मला पुढे कळले. त्या वेळी एवढेच कळले की माझ्या परकराची भर बाजारात शोभा झाली आहे. मी रडकुंडीला आले. बाईंनी ते पाहिले असावे. आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारले, "शाळेत जातेस?"

"व्हय."

"कितवीत?"

"चौथीत."

"आणि पुढं?"

मी आबांकडे पाहिले. आबा म्हणाले, "पुढं काय मावशी? आमच्याकडं चौथीपत्तुरच हाय."

"लोणावळ्यात आहे की पुढची शाळा. इथं कुणी नात्यातलं?"

"बहीण हाय. रेल्वेच्या चाळीत."

"मग अडलं काय?"

घरी परतताना कान्हे स्टेशनापासून गावापर्यंतच्या वाटेवर आबा दोनतीनदा स्वतःशीच "अडलं काय" असे पुटपुटले. जूनमध्ये मी चंद्राआत्याकडे राहायला आले आणि लोणावळ्याच्या शाळेत जाऊ लागले. तो गुलाबी परकर दीड महिन्यातच फाटला होता.

यमुनाताईंना या वर्षी साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या शिवणवर्गातून गेली पंचवीस वर्षे शिकून गेलेल्या आम्ही मुलींनी हा छोटा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा वर्गातली पदवीधर म्हणून मला लिहायला सांगण्यात आले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पण ती पदवी माझ्या हाती येण्याआधी एका श्रावणात निसटून चालली होती. ती कशी वाचली हे आजवर चार माणसांनाच ठाऊक आहे. त्यांतल्या एक ताई. त्यांनी ते कधी कुणाला सांगितले नाही, म्हणून मी आज सांगणार आहे.

त्याआधी ताईंच्या कामाविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण नव्या मुलींना त्यांचा आजचा वर्गच माहीत आहे. ताईंचे यजमान बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर मशीन घेऊन बसत. मानमोडीच्या साथीत ते गेले. ताईंच्या हाती राहिले ते मशीन, कातर आणि लोखंडी इस्त्री. तोवर त्यांनी फक्त बटणे लावली होती आणि काजे केली होती. बाईमाणसाने ओट्यावर बसून मशीन चालवायचे ही गोष्ट तेव्हा लोणावळ्यात कुणी पाहिली नव्हती. लोक मुद्दाम वाकडी वाट करून बघायला येत. ताई म्हणतात, "बघणाऱ्यांतले निम्मे नंतर उसवलेलं घेऊन आले."

उन्हाळ्यात बंगल्यांत मुंबईची मंडळी राहायला येत. त्यांचे दुरुस्तीचे कपडे ताईंकडे येऊ लागले. एकदा एका वृद्ध गृहस्थांचा लोकरी कोट आला. कोपर विरले होते. ताईंनी तो आतून उघडला आणि तीन दिवस नुसत्या बघत राहिल्या. अस्तर कसे बसवले आहे, खिशाच्या तोंडाला आतून पट्टी का दिली आहे, माया किती सोडली आहे, हे सगळे त्या एका कोटावरून शिकल्या. तोच कोट पुढे बारा उन्हाळे त्यांच्याकडे येत राहिला. ताई म्हणतात, "मला वाटायचं, श्रीमंतांकडं कपाटंच्या कपाटं असतील. या माणसाकडं दोन कोट होते. पण ते घेताना त्यानं घाई केली नव्हती."

हा विचार ताईंच्या मनात तिथून रुजला असावा. आपल्याकडे उलटे चालते, असे त्या म्हणत. गरीब माणूस दर बाजाराला स्वस्त म्हणून काहीतरी घेतो. वर्षाअखेर पेटी भरलेली असते, आणि लग्नाला जायची वेळ आली की शेजारणीकडे लुगडे मागावे लागते.

शिवणवर्ग सुरू झाला तो पुढे काही वर्षांनी, बाजारामागच्या त्यांच्या दोन खोल्यांत. लोणावळ्याच्या शाळेत असताना मीही तिथे जाऊ लागले. त्या खोल्या माझ्या डोळ्यांपुढून कधी हलत नाहीत. पावसाळ्यात खिडकी उघडली की धुके आत येऊन मशीनवर बसे. मध्ये निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर बांबूची मोठी पाटी पालथी घातलेली आणि पाटीवर वाळत टाकलेले कपडे. कोळशाच्या इस्त्रीचा, ओल्या सुताचा आणि चहाचा मिळून एक वास तिथे असे. आजही पावसात ओला पदर चुलीजवळ धरला की मी क्षणभर त्या खोलीत जाऊन येते.

पहिला महिना ताई कुणालाही सुई धरू देत नसत. घरातला एखादा फाटका कपडा आणायचा, तो टाका न टाका उसवायचा आणि तो नेमका का फाटला ते सांगायचे. आम्ही सातआठ जणी गोल बसून उसवत असू. वडिवळ्याची एक मुलगी होती, ती वैतागून म्हणे, "ताई, मी शिवाया आले. उसवाया मला घरी बी येतंय." ताई म्हणत, "उसवताना बघ. शिवताना माणूस स्वतःवर खूश असतो, त्याला काही दिसत नाही."

दुसरा नियम, कोरे कापड पाण्यातून काढल्याशिवाय कातर लावायची नाही. लोणावळ्याच्या पावसात भिजवलेले कापड वाळायला चार चार दिवस लागत आणि गिऱ्हाइके तणतणत. ताई ढिम्म हलत नसत.

तिसरा नियम कपडे घेण्याचा. नवा कपडा घरातल्या निदान तीन कपड्यांबरोबर जुळत असेल तरच घ्यायचा. "एकटा कपडा घेऊ नका," त्या सांगत. "त्याच्यासाठी आणखी दोन घ्यावे लागतात." यामुळे आमच्या वर्गात भडक गुलाबी रंगाला जागाच नव्हती. याबाबतीत ताई थोड्या अन्याय करत असे मला आजही वाटते. एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रार केली, की आम्ही काय कायम मातीच्याच रंगात हिंडायचे? तेव्हा ताई हसून म्हणाल्या, "एक हौसेचं असावंच. फक्त ते पहिलं नसावं."

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. कापडाच्या कडेचा एक धागा काढायचा, जिभेने ओला करायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा. आमच्या मावळात चार महिने कपडा ओलाच असतो. कोरडेपणी मजबूत दिसणारे कापड ओले झाल्यावर काय करते, हे इथल्या माणसाने आधी पाहिले पाहिजे.

ताईंचा करारीपणा दाखवणारी एक गोष्ट आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ आहे. एका लग्नघरातून सबंध घराचे कपडे शिवायला आले होते. एवढे काम ताईंना वर्षात कधी मिळाले नव्हते. त्यांनी धागा ओढून पाहिला आणि गठ्ठा परत केला. नवरीचे वडील चिडले. "तुम्हाला शिलाईशी मतलब! कापड आमचं."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. "माझी शिलाई राहील आणि तुमचं कापड जाईल. लोक म्हणतील, यमुनाबाईंनी शिवलेलं फाटलं."

गृहस्थ तणतणत गेले आणि दोन दिवसांनी दुसरे कापड घेऊन आले.

ताई स्वतः कशा राहत, हे त्यांच्या पेटीवरून कळे. ती पेटी कधी कुलूपबंद नसे. आत तीन लुगडी, चार चोळ्या, एक शाल. लुगड्यांचा हिशेब साधा होता. एक अंगावर, एक दोरीवर, एक पेटीत. तिन्ही हातमागाची, तिन्ही जुनी, आणि कोणतीही चोळी कोणत्याही लुगड्यावर शोभे. ताईंना कधी गबाळ्या वेशात कुणी पाहिले असेल तर त्याने हात वर करावा.

आता माझी गोष्ट.

मी मॅट्रिक झाले आणि पुण्याला कॉलेजात जायचे ठरले. आबांनी त्या सुगीचे पैसे कपड्यांसाठी बाजूला ठेवले. ताईंनी मला बसवून यादी केली. पाचवारी पातळे दोन, एक गडद निळे, एक बदामी. पोलकी तीन, तिन्ही दोन्ही पातळांवर चालतील अशी. दोन परकर, एक शाल. "हे सहा जोड झाले," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं बघायला नको."

यादी घेऊन मी घरी आले. चंद्राआत्याला ती वाचून दाखवली. आत्या हसत सुटली.

"दोनच पातळं? अन् ती बी आसली? आगं, कालेजात चाललीयास का काशीला?"

"ताई म्हणतात..."

"ताईंचं बराबर हाय. पर ताई पन्नाशीकडं झुकल्या, तू सतराची हायेस. तितं पुण्याच्या पोरी कशा नटूनथटून येत्यात ठावं हाय का? टाकव्याची म्हनून पयल्याच दिशी वळकतील."

आत्याला मी दोष देत नाही. ती जे बोलली, ते माझ्या मनात आधीच होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. त्या वर्षी नकली रेशमाची जपानी पातळे आली होती. पाण्यासारखी सळसळत, हातातून निसटत. दोन चांगल्या पातळांच्या किमतीत अशी पाच येत होती. आत्या म्हणाली, "पाच दिसांची पाच! रोज नवी राणी."

मी एका पातळाची कड हातात धरली. बोटे सवयीने कडेचा धागा शोधू लागली. एक टोक नखात आलेही. मग मी कड सोडून दिली आणि दुकानदाराला म्हणाले, "बांधा."

ताईंना हे दाखवायची माझी छाती नव्हती. सुट्टी संपवून मी टाकव्याहून निघाले तेव्हा आबा म्हणाले, "लोनावळ्याला जाऊन ताईंच्या पाया पडून मग जाऊ." मी म्हणाले, गाडी चुकेल. कान्ह्याहून आम्ही थेट पुण्याची गाडी धरली. ज्या बाईंमुळे मी त्या गाडीत बसले होते, त्यांचा निरोप न घेता मी गेले.

जूनचे तीन आठवडे मी खरोखर राणी होते. मग पाऊस लागला. पहिले पातळ पिळतानाच निऱ्यांवर हातभर फाटले. दुसरे दगडावर आपटले तेव्हा गेले, कारण घरी आम्ही कपडे असेच धुतो आणि दुसरी रीत मला माहीत नव्हती. तिसरे भर वर्गात बाकावरून उठताना टरकले. मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसले. त्यानंतर मी पावसाळी हवेत घराबाहेर पडायलाच भिऊ लागले. राहिलेली दोन पातळे धुतली की वाळत नसत, आणि ओली नेसली तर अंगावरच विरत. ज्या दिवशी पातळ वाळलेले नसे त्या दिवशी मी डोके दुखते म्हणून वसतिगृहात पडून राही. असे दिवस वाढत गेले. श्रावणात एका शनिवारी वसतिगृहाच्या बाईंनी बोलावून सांगितले, "तुझी हजेरी फार कमी भरली आहे. यापुढे एक दिवसही चुकवलास तर टर्म मिळणार नाही. मग वर्ष गेलं म्हणून समज."

मी पेटी घेऊन गाडीत बसले आणि घरी येऊन आबांना सांगितले की मला कॉलेज जमत नाही. खरे कारण सांगण्यापेक्षा मंदबुद्धी ठरणे मला सोपे वाटत होते. रविवारी सकाळीच आबांनी माझी पेटी खांद्यावर घेतली, मला लोणावळ्याला आणले आणि आत्याला बरोबर घेऊन ताईंच्या दारात उभे केले.

"ताई, पोरगी म्हनती, जात न्हाई. तुमीच बघा. मला त्यातलं कळत न्हाई."

ताईंनी मला बसायलाही सांगितले नाही. पेटी उघडली. वरची दोन पातळे बाजूला केली, खालच्या तीन चिंध्या पाहिल्या. मग एका पातळाच्या कडेचा धागा काढून माझ्या हातात दिला.

"ओला कर. ओढ."

मी ओढला. तो ओढण्याआधीच तुटला म्हटले तरी चालेल.

"हे तुला येत होतं की नव्हतं?"

"येत होतं."

"मग दुकानात का केलं नाहीस?"

आत्या मध्येच म्हणाली, "माजंच चुकलं ताई. मीच घ्याया लावली."

"तुम्ही तिला शिकवलं नव्हतंत. मी शिकवलं होतं. तिला बोलू द्या."

मी म्हणाले, "तुटला असता तर घेता आलं नसतं म्हणून."

मला वाटले, ताई आता कडाडतील. पण त्या हसल्या. "खरं बोललीस. म्हणजे सगळं काही गेलेलं नाही." मग म्हणाल्या, "दुकानदारानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"निरोप घ्यायला येशील तेव्हा बोलणार होते."

मी खाली बसून चिंध्या गोळा करू लागले.

"पोलकी कुठायत?" ताईंनी विचारले. "ती तरी धड आहेत का?" पोलकीही त्याच कापडाची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वर्गात हजर व्हायचे होते, आणि अंगावर घालण्याजोगे माझ्याकडे काही नव्हते. घरात नवे कापड आणायला पैसे नव्हते, आणि असते तरी भिजवून, वाळवून, शिवून सकाळपर्यंत झाले नसते. ताईंनी आपला नियम माझ्यासाठी मोडला नसता, आणि मीही तसे सुचवले नाही.

तेवढ्यात आत्या उठली आणि भर पावसात चालती झाली. अर्ध्या घटकेत परत आली ती काखेत एक लुगडे घेऊन. गडद निळे इरकली, तांबड्या काठाचे.

"हे कापा," ती म्हणाली.

आबा दचकून उठले. "चंद्रे, आगं माहेरचं लुगडं हाय त्ये! तुज्या लग्नात मी नेसवलेलं. माहेरच्या लुगड्याला कुनी कातर लावतं व्हय? चांगलं नसतंय."

"दादा, तुमी दिलं तवा माजं झालं. आता मी माज्या भाचीला देत्ये. माहेरचं माहेरीच चाललंय की!"

"आगं पर कापायचं..."

"न कापता कसं नेसंल? पाचवारी नेसायची सवय झालीया तिला, शेरात ऱ्हाती ती."

ताईंनी लुगड्याच्या कडेचा धागा काढला, ओला केला आणि मला दिला. मी ओढला. बोट कापले, धागा तुटला नाही. अठरा वर्षांचे लुगडे होते ते. "याला भिजवायची गरज नाही," ताई म्हणाल्या. "याच्यावरून शंभर पावसाळी धुणी गेलीत." पण कातर त्यांनी उचलली नाही. त्या आबांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी याला हात लावणार नाही. तुमचा मान आहे हा."

आबांनी त्या लुगड्याच्या काठावरून हात फिरवला. ते घ्यायला ते स्वतः तळेगावला चालत गेले होते, असे आत्या सांगे. मग त्यांनी हात पुढे केला.

"द्या हिकडं ती कातर. पयला घाव माजाच असू द्या. तिला काय लागायचं ते मला लागंल."

ताईंनी पाच वारांवर खडूची खूण केली. भाताच्या खाचरात आयुष्य काढलेल्या त्या हातांना कातर धरता येत नव्हती. दोन बोटे कापड कापले गेले, तेही वाकडे. ताईंनी तो वाकडेपणा तसाच दुमडीत घेतला, सरळ केला नाही. मग मला मशीनवर बसवले. दिवसभर मी शिवले, ताई कापत होत्या, आत्या काजे करत होती आणि आबा दर थोड्या वेळाने शेगडीत कोळसे घालत होते. दिवेलागणीच्या आत एक पाचवारी पातळ, दोन पोलकी आणि एक परकर तयार झाला.

"पण एकानं भागायचं नाही," ताई म्हणाल्या. "धुतलं की पुन्हा डोकं दुखायला लागेल." त्यांनी आपली पेटी उघडली आणि आतले लुगडे माझ्यापुढे ठेवले. "हे देत नाही. वापरायला देतेय. दिवाळीला धुऊन, घडी घालून परत आणायचं. आणि ही जपानी पातळं टाकायची नाहीत. कोरड्या दिवसांत, नीट सांभाळून नेसायची. वाईट घेतलं, ते एकदा चुकलं. टाकून दिलंस तर दुसऱ्यांदा चुकेल."

सोमवारी पहाटेच्या गाडीने मी पुण्याला गेले आणि पहिल्या तासाला हजर होते. मंगळवारी ताईंचे लुगडे नऊवारी नेसून गेले. चार मुली हसल्या. पाचवी म्हणाली, "असं चापूनचोपून मलाही नेसायला शिकव." त्या टर्ममध्ये माझा पुढे एकही दिवस बुडला नाही.

दिवाळीला मी लुगडे परत करायला आले तेव्हा ताई खोकत होत्या. विचारले तर म्हणाल्या, हवा बदलली की होतं. आत्याने मला बाहेर नेऊन सांगितले. "भादव्यात बाई आठ दीस तापानं फणफणत हुत्या. दोनच लुगडी ऱ्हायली न्हवं त्यांच्याकडं? एक धुतलं की दुसरं वाळाय नगं? आर्धं ओलंच नेसून मशिनीवर बसायच्या. मी म्हनलं, माजं एक घ्या. म्हनल्या, तुमचं नुकतंच एक कापलंय."

मी घडी घातलेले लुगडे छातीशी धरून तिथेच उभी राहिले. तीन लुगड्यांतले एक देणे म्हणजे काय, याचा हिशेब मी तोवर केलाच नव्हता.

नंतर युद्धाची वर्षे आली. कापड रेशनवर गेले, दुकानांपुढे रांगा लागल्या. ज्यांच्या पेट्या स्वस्त कपड्यांनी भरलेल्या होत्या त्यांच्या पेट्या आधी रिकाम्या झाल्या. तेव्हा ताईंच्या वर्गात दांड घालायला शिकण्यासाठी बंगल्यांतल्या आणि चांगल्या घरच्या बायकाही येऊन बसू लागल्या. मधोमध विरलेले लुगडे आडवे कापून त्याची धड टोके एकमेकांना जोडायची, याला दांड घालणे म्हणतात. पूर्वी दांडाचे लुगडे नेसायला बायका लाजत. ताई स्वतः दांडाचे लुगडे नेसून, जोड दिसेल अशा बेताने वर्गात उभ्या राहिल्या, आणि लाज तिथेच संपली. ताईंना देशसेवा वगैरे शब्द बोलायला कधी आवडले नाहीत. मला मात्र कॉलेजात शिकलेले सगळे मोठे शब्द त्या दिवसांत त्यांच्या खोलीत चालते-बोलते दिसले.

आता मी तळेगावच्या मुलींच्या शाळेत शिकवते. दरवर्षी जूनमध्ये काही मुली शाळेत येईनाशा होतात. कारण विचारले की सांगतात, डोके दुखते. इतर शिक्षिका औषध सुचवतात. मी आधी विचारते, "तुझ्याकडं परकर किती आहेत?" बऱ्याचदा उत्तर येते, "एक." मुलींच्या शिक्षणावर आपण सभा भरवतो, ठराव करतो. एक न वाळलेला परकर तिची वाट अडवून बसलेला असतो, हे त्या ठरावात कुठे लिहिलेले नसते. हे मला कुणी शिकवले, ते वेगळे सांगायला नको.

इतकी वर्षे ताई वर्गात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला माझ्याकडे बोट दाखवून सांगत आल्या, "ही आमची पदवीधर. हिला धागा बरोबर ओढता येतो." त्या रविवारबद्दल एक अवाक्षर त्यांनी कधी काढले नाही. त्यांनी मला दिलेल्या सगळ्या गोष्टींत ही मला सर्वांत जड वाटते. चांगले नाव मी त्यांच्याकडून वापरायला घेतले होते, आणि त्यांनी ते कधी परत मागितले नाही. म्हणून आज तुम्हा सर्वांपुढे सांगते, की ताईंच्या या पदवीधराला जेव्हा धागा ओढायचा होता तेव्हा तिने तो ओढला नाही.

हा लेख लिहिण्याआधी मी ताईंना विचारायला गेले. आताशा त्यांना सुईत दोरा ओवायला दुसऱ्याचे डोळे लागतात. दोरा ओवून दिला आणि म्हणाले, "ताई, त्या श्रावणाचं लिहू का?"

"तुझ्या आत्याचं लिही. तिनं माहेरचं लुगडं कापायला दिलं. तुझ्या वडिलांचं लिही. माझ्या तापाचं लिहिलंस तर याद राख."

आत्याचे लिहिले, आबांचे लिहिले आणि तापाचेही लिहिले. हा ग्रंथ हाती पडला की ताई मला लोणावळ्याला बोलावून घेतील आणि सगळ्या वर्गासमोर झाडतील, याची मला खात्री आहे. मी जाणार आहे. अशीच आमची कानउघाडणी करायला त्यांना पुष्कळ वर्षांचे आयुष्य मिळो, खोकल्याने त्यांचा आवाज कधी न बसो, आणि तो आवाज ऐकायला त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही साऱ्या जणी अशाच दाटीवाटीने बसलेल्या असू देत.